गाईच्या गळ्यातला पंचम

गाईच्या गळ्यातली घंटी हवी तेव्हा वाजत नाही आणि नको तेव्हा हटकून वाजते, हे ज्ञान मी एका दुष्काळात रोज दुपारी उन्हात बसून मिळवलं. पुढे तुला गाईला तालात मान हलवायला लावायचं आहे, असं डी.एड.ला असताना कोणी सांगितलं असतं, तर मी मुकाट शिवणकामाचा कोर्स केला असता.

पाटोद्याच्या अलीकडच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर होते. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. निम्मी घरं दिवाळीआधीच ऊसतोडीला निघून गेली होती, आणि जी माणसं उरली त्यांची जनावरं दूध संस्थेच्या मैदानावर छावणीत होती. दूध संस्था म्हणजे गावची सहकारी डेअरी. दूधच आटल्यावर तिला काम उरलं नव्हतं, म्हणून तिने मंजुरी काढून चारा छावणी चालवायला घेतली. मैदान शाळेच्या भिंतीला लागून. शाळा तेव्हा सकाळची होती, बारा वाजता सुटायची. त्यानंतर भिंतीपलीकडे शंभरेक जनावरं आणि त्यांच्या सोबतीला बसलेल्या बायका, आणि भिंतीच्या अलीकडे मी, वह्या तपासत. चारावाटपाला आणि मोजणीला मालक हजर लागायचा, आणि मोजणी कधी होणार हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून बायका दिवसभर बसून असायच्या, आणि बसून असल्या की भांडायच्या. पाण्याच्या टाकीवरून, पेंढीच्या जाडीवरून, काहीच नसलं तर मागच्या दुष्काळातल्या भांडणावरून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चेअरमनच्या घरी गेले होते. चेअरमन म्हणजे दूध संस्थेचे. त्यांच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. गोठा रिकामा होता आणि खुंट्यांवर ओळीने दावी आणि पितळी घंट्या लटकत होत्या. आमच्या भागात जनावर विकलं तरी दावं आणि घंटी विकत नाहीत. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं, विकणाऱ्याने आपलं सोडून आपल्या खुंटीला लावायचं. त्याने दावण रिकामी राहत नाही, मागोमाग दुसरं जनावर येतं असं म्हणतात. त्या वर्षी गावातल्या बहुतेक खुंट्या भरलेल्या होत्या आणि गोठे मोकळे. वाणातला चमचा माझ्या हातात होता. मी सहज एका घंटीवर मारून पाहिला. स्वच्छ षड्ज. दुसरीवर मारला, तो जवळजवळ धैवत.

इथेच मी गप्प घरी जायला हवं होतं. पण आमच्या डी.एड. कॉलेजात एकदा एका मिशन शाळेच्या मुली आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात एकेक घंटी, प्रत्येकीकडे एकच सूर, आणि सगळ्यांचं मिळून एक गाणं. कोणी एकटी ते गाणं वाजवू शकत नव्हती. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, या बायकांना भांडायला वेळ आहे, घंट्याही आहेत, मग काय अवघड आहे? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात, तो न्हावी मी.

शाळेची पेटी घेऊन मी छावणीतल्या लिंबाखाली जाऊन बसले. पेटीचा भाता फुटका होता आणि एक पट्टी दाबली की शेजारची आपणहून बोलायची, पण सूर जुळवायला पुरेशी होती. बायकांनी घरोघरच्या घंट्या आणल्या. पंचवीस-तीस तरी असतील. त्यांतून सा, रे, ग, ध आणि वरचा सा असे पाच निवडले. जो सूर किंचित चढा, त्याला आतून काहीतरी चिकटवलं की तो उतरतो. ढोलकीला कणीक लावतात तशी मी रिषभाला कणकेची गोळी लावली. तीन दिवसांनी पाहते तर रिषभ पुन्हा चढलेला. उंदरांनी कणीक खाल्ली होती. मग मेण लावायला लागले.

पंचम मात्र सापडेना. अमुक घंटी जड, तमुक फुटकी, एखादी अशी बेसूर की बैलाने ती कशी सहन केली असेल देव जाणे. पंचम नसलेले राग असतात, मला कबूल आहे. मला त्यांतला एकही येत नव्हता. आणि मी निवडलेली चाल बायकांची स्वतःची होती, जात्यावरच्या ओवीची. भाऊ माहेराहून न्यायला येतो अशी ती ओवी, आणि नेमका भाऊ या शब्दावर पंचम.

तेवढ्यात पाठीमागे पंचम वाजला.

मी वळून पाहिलं. एक तांबडी गाय मान खाली घालून वाळकी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, चघळत होती. तिच्याशेजारी तिची मालकीण उकिडवी बसलेली. ही बाई चाळिशीची असेल. नवरा आणि थोरला मुलगा जोडीने ऊस तोडायला गेलेले. दरवर्षी नवऱ्याबरोबर हीच जायची, पण जायचं तर गाय विकावी लागली असती, म्हणून ती मागे राहिली. घरात पाच जनावरं होती, त्यांतली चार गेली. ही पाचवी तिला पावसापर्यंत पोचवायची होती. त्या वर्षी तिला दुसरं काहीही नको होतं, आणि हे ती कोणालाही, न विचारता, दिवसातून दोनदा सांगायची. गावात तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

"अक्का, ही घंटी काढून द्या बरं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिच्या गळ्यातलं मागितलं.

"काढायची न्हाई बाई."

"परत देते. रोज वाजवून झाली की परत बांधा."

"घरच्या जनावराची घाट सोडत न्हाईत. इकताना सोडत्यात. न्हाईतर जनावर मेल्यावर. जित्या गाईची कावून सोडू?"

घाट म्हणजे तिच्या बोलीत घंटी. तर दाव्याच्या रिवाजाला दुसरी बाजू होती, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. शिकलेल्या माणसाची ही खोड, अर्धं कळलं की पुढचं आपणच धरून चालायचं. मी खूप समजावलं. शास्त्र सांगितलं, अंधश्रद्धा म्हटलं, शेवटी विनवण्या केल्या. गाढवापुढे वाचली गीता. शेवटी अक्कानेच तोड काढली.

"मी गाईसकट येते की. तुमाला सूर पायजे ना? सूर हितंच हाय."

अशी ती गाय माझ्या वर्गात बसली. तिचा सूर तपासायला मी गाईच्या गळ्याखाली डोकं घातलं आणि मेणाची गोळी आत चिकटवली. गाईने माझा अंबाडा चाटला. बायका इतक्या हसल्या की त्या दिवशी दुसरं काही झालंच नाही.

आता या वर्गाबद्दल सांगते. खालचा सा वहिनींकडे, कारण सर्वांत मोठी घंटी त्यांची आणि मैदानही त्यांच्या नवऱ्याच्या संस्थेचं. रिषभ एका म्हाताऱ्या मावशीकडे, जी दुपारी दोन वाजता डुलकी घ्यायची आणि तिचा सूर आला की शेजारणीने तिला ढोसायचं. गंधार आणि धैवत दोन सख्ख्या जावांकडे. त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं. कारण मी विचारलं नाही, कारण ते सांगायला दोघींनाही तासभर लागला असता. वरचा सा एका नव्या सुनेकडे, जी वाजवताना डोळे मिटून घ्यायची. आणि गंधार आणि धैवत यांच्या मध्ये पंचम, म्हणजे अक्का आणि गाय.

माझी पद्धत सोपी होती. ओवी मनात म्हणायची. आपला शब्द आला की घंटी एकदा हलवायची, लगेच छातीला टेकवून आवाज बंद करायचा. दुसरीचा शब्द असेल तेव्हा गप्प राहायचं. एवढंच. या एवढ्यातल्या शेवटच्या वाक्याने माझ्या नाकी नऊ आणले. वाजवायला सगळ्या एका दिवसात शिकल्या. गप्प राहायला कोणी तयार नाही.

"माझी घाट सगळ्यात मोठी, आन् वाजवायची इत्कीशीच?" वहिनी रोज विचारायच्या.

"वहिनी, चाल तशी आहे."

"मंग चाल बदला."

बरं, ओवी मनात म्हणा म्हटलं तर मोठ्याने म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता इतक्या रंगायच्या की घंटी मांडीवरच राहायची. ओरडले की सगळ्या एकदम वाजवायच्या, माझ्यावर उपकार केल्यासारख्या. रिषभाच्या मावशी जाग्या झाल्या की हमखास दोनदा वाजवायच्या, मघाशी राहिलेला आणि आत्ताचा. आणि इतकं करून चुकून एखादी ओळ जमली की वाढ्यांची गाडी यायची. वाढी माजलगावकडून ट्रॅक्टर भरून येत. गाडी दिसली की घंट्या टाकून सगळ्या पळायच्या, आणि मी पेटी पुढ्यात घेऊन लिंबाखाली एकटी. गाय तेवढी शेजारी, आणि ती आता वाजवायची.

कारण गाईचा प्रश्न निराळाच होता. अक्का घंटी हाताने हलवायला जायची, तर गाईला वाटायचं खाजवतेय. ती मान वर करायची, घंटी गालाखाली दबून मुकी. मग कोणी काही मागितलेलं नसताना माशी बसायची, कान हलायचा, पंचम. दर माशीला पंचम. एकदा सगळी ओवी बिनचूक झाली, शेवटचा सा वाजून निवाला, आणि त्या शांततेत गाईने सावकाश तीन पंचम दिले. "बगा, ती पाढा म्हणायली," अक्का कौतुकाने म्हणाली. मी त्या दिवशी खोलीवर जाऊन न जेवता झोपले.

शेवटी मी फर्मान काढलं. गाय दहा हात लांब बांधायची. अक्काने रिकाम्या हाताने यायचं, आपल्या जागी उभं राहायचं, आणि भाऊ हा शब्द आला की हात नुसता हलवायचा. निदान जागा तरी कळेल. अक्का तयार झाली. ती रोज यायची, पदर खोचून गंधार आणि धैवताच्या मध्ये उभी राहायची, आणि मोकळी मूठ हलवून छातीला टेकवायची. पण बाकीच्यांना भोक सहन होईना. पंचमाची जागा आली की दोन्ही जावा त्यात उडी घ्यायच्या. एकीने घेतली की दुसरीने का सोडावी? कित्येक दिवस आमच्या ओवीतला भाऊ यायचाच नाही, त्याच्या जागी दोन जावा यायच्या.

उन्हाळा चढला. तहसीलचे कोणी साहेब छावणी पाहायला येणार होते, आणि चेअरमननी परस्पर सांगून टाकलं होतं की आमच्या महिला घंटीवादन करतील. मी हातापाया पडले की अजून होत नाही. "होतंय की, मी रोज ऐकतो," ते म्हणाले. ते रोज ऐकत होते ते आमचं भांडण. साहेब यायच्या आदल्या दुपारी आम्ही सात वेळा वाजवलं आणि सातही वेळा पंचमाच्या भोकात बुडालो. माझं डोकं उन्हाने फुटत होतं. मी अक्कासमोर जाऊन उभी राहिले.

"अक्का, एका दिवसासाठी सोडा ना ती घंटी! ती गाय तशीही पावसापर्यंत राहणार नाहीये. तेव्हा सोडालच ना? मग आज सोडली तर काय बिघडतं?"

बोलून गेले. लिंबाखाली एकदम गप्प झालं. ज्या बायकांना गप्प राहायला शिकवताना माझा घसा फुटला होता, त्या सगळ्या एका वेळी गप्प झाल्या. अक्का वळली. गाईकडे गेली, तिच्या पाठीवरची धूळ हाताने झाडली, आणि टाकीवर पाण्याला घेऊन गेली.

मावशी त्या दिवशी जाग्या होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "जिबीला हाड नसतंय, पर फुडं दात असत्यात की. दाबून धरावी जरा."

मला राग आला, आणि तो मावशींचा नव्हता. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी सगळ्यांना म्हणाले, उद्या साडेबाराला या, उशीर करू नका. साहेब आलेच नाहीत, त्यांची गाडी दुसरीकडे गेली. अक्का मात्र दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या आधी येऊन आपल्या जागी उभी होती, मोकळा हात घेऊन. त्यानंतरही एक दिवस चुकवला नाही. मी तिच्याकडे सरळ पाहत नसे.

मृग कोरडा गेला. आर्द्रात दोन सरी आल्या आणि त्या दोन सरींवर छावणी बंद करायचा हुकूम निघाला. सर पडल्यावर गवत उगवायला दिवस लागतात, ही बातमी हुकूम काढणाऱ्यांपर्यंत पोचली नसावी. दावणी उठल्या, ज्याने त्याने आपापली जनावरं घरी नेली, आणि पुढच्या आठवड्यात त्यातली निम्मी बाजारात गेली. अक्काने तग धरला. बायका येता-जाता तिच्या गोठ्यात काहीतरी टाकून जायच्या. वहिनींनी जुन्या छपराचं पाचट काढून दिलं. गंधाराच्या जावेने एका सकाळी कडब्याची पेंढी गुपचूप नेऊन टाकली, "माझ्या जावंला सांगू नगा" म्हणून बजावलं. संध्याकाळी धैवताची जाऊ त्याच गंजीतली दुसरी पेंढी घेऊन आली आणि तिनेही तेच बजावलं. मीही शाळेमागचं वाळकं कुंदा गवत उपटून एक ओझं नेलं. अक्काने ते गाईपुढे टाकलं. गाईने वास घेतला आणि तोंड फिरवलं. "लई जून हाय," अक्का म्हणाली. आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

पण पाच-सहा घरांच्या पदरातून गाय किती दिवस जगणार? आमचा सराव आता शाळेच्या ओट्यावर व्हायचा. एका दुपारी अक्का उशिरा आली. ती कधी उशिरा यायची नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं. ते तिने माझ्यापुढे सोडलं.

"घ्या बाई. आता सोडली."

माजलगावकडच्या एका बागायतदाराने गाय नेली होती. तिकडे कालव्याचं पाणी आहे, हिरवं खाईल, असं तिने आम्हालाच समजावून सांगितलं. घंटीच्या आत माझ्या मेणाची गोळी होती आणि बाहेरून गाईचे दोन तांबडे केस पट्ट्याला चिकटलेले. कोणी हालेना. जावा खाली पाहत होत्या. मीच बोलले होते ना, सोडालच म्हणून?

अक्काच चिडली. "कावून गप बसल्या समद्या? मी काय रडाय आले का हितं? वाजवा की."

ती गंधार आणि धैवताच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आम्ही वाजवलं. आणि पहिल्याच वेळी, एकही घंटी इकडची तिकडे न होता, सबंध ओवी झाली. अक्काचा पंचम जागच्या जागी, एकदाच, आणि लगेच छातीशी बंद. तिला शिकवायला काहीच उरलं नव्हतं. आम्ही बाकीच्या वाजवायला शिकत होतो तेव्हा ती इतके महिने न वाजवता वाजवत होती. मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली, "तुमच्या बोलण्यानं गाय जात आसती, तर म्या तुमच्याकडनंच पाऊस बोलून घेतला आसता."

पुढे श्रावणात पाऊस झाला. उशिरा, पण झाला. आमचंही बरं चाललं होतं. इतकं बरं, की दूध संस्थेच्या वार्षिक सभेत वाजवायचं ठरलं तेव्हा मी स्वतः हो म्हणाले. तालुक्याच्या दूध संघाचे संचालक येणार होते. मी सगळ्या घंट्या चिंच लावून घासून घेतल्या, आत मेण नवं लावलं, प्रत्येकीवर तांबड्या रंगाने सूर लिहिला. त्या सहा घंट्या शाळेच्या कपाटात ओळीने ठेवून मी कितीतरी वेळ नुसती पाहत बसले. आयुष्यात प्रथमच माझं काहीतरी धड होणार होतं.

सभेच्या दिवशी सकाळी आठ वाजता अक्का शाळेच्या दारात.

"बाई, माझी घाट द्या."

"आत्ता? दुपारी वाजवायचंय!"

"भावानं कालवड दिली. काल सांजच्याला आली घरी. मोकळ्या गळ्याची दावणीला बांधलीय राती, मला झोप न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, अक्का, एक दिवस. एक दिवससुद्धा नाही, सात तास. सभा दोनला आहे, तीनला घंटी तुमच्या हातात देते, मी स्वतः येऊन बांधते. इतके महिने घासतोय आपण, संचालक येणारेत, आणि कालवडीला काय कळतं गळ्यात काय आहे ते? एक रात्र राहिली ना मोकळी? मग सात तास राहिली तर...

आणि मी थांबले. पुढचं वाक्य मला ऐकू आलं होतं. आज सोडली तर काय बिघडतं. मी तेच वाक्य उलटं करून पुन्हा तिच्यापुढे धरत होते.

अक्का दारातच उभी होती. मी जीभ दाताखाली दाबली, कपाट उघडलं आणि घंटी दिली. तांबड्या रंगाचा प तिच्या बोटांना लागला, अजून ओला होता.

"मेण काढून टाका आतलं," मी घुश्शात म्हणाले. "कालवडीला पंचम लागायची गरज नाही."

"काढते की."

दुपारी सभेत अहवाल वाचून झाला, मंजूर मंजूर म्हणून झालं, आणि आम्ही उभ्या राहिलो. अक्का आली होती. लुगडं बदलून, गंधार आणि धैवताच्या मध्ये, मोकळ्या हाताने. मी जावांकडे डोळे वटारून पाहिलं. भोकात उडी घेतलीत तर याद राखा. ओवी सुरू झाली. भाऊ हा शब्द आला. गंधार थांबला, अक्काने मूठ हलवून छातीला टेकवली, आणि ती टेकेपर्यंत धैवताची जाऊ श्वास धरून उभी राहिली. मगच तिने आपली घंटी हलवली. दुसऱ्या ओळीत तसंच. शेवटपर्यंत तसंच. वहिनींनीसुद्धा जादा वाजवलं नाही.

टाळ्या झाल्या. संचालकांचा कान तयार असावा. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "छान हो बाई, पण मधली एक घंटी वाजत नाही का? त्या ताई नुसत्याच हात हलवतात."

"वाजते साहेब," मी म्हणाले. "ती गोठ्यात आहे."

त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

त्यानंतर माझ्या वर्गाची जी वाताहत झाली ती पावसाने केली. दिवाळीला गंधाराच्या घरी बैल आला, गंधार गेला. आपल्याही दारी बैल हवाच म्हणून धैवताच्या जावेने महिन्याभरात आणला. मावशींनी म्हैस घेतली, रिषभ तिच्या गळ्यात. नव्या सुनेच्या घरी गाय व्यायली, वरचा सा वासराला. पुढच्या वर्षी पोळ्याला वहिनी आल्या आणि "तुमचं काय आता चालत न्हाई, तर नेऊ का माझी?" म्हणाल्या. कपाटात मेणाची डबी उरली. कोणी मला विचारलं की बाई, तो घंट्यांचा प्रकार का बंद पडला, तर मी चिडून सांगायचे, लोकांनी जनावरं घेतली म्हणून. लोकांना वाटायचं बाईंचं डोकं उन्हाने गेलंय.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी एसटीची वाट पाहत फाट्यावर बसले होते, आणि जनावरं रानातून परत येत होती. रिषभ दोनदा वाजत होता, सवयीप्रमाणे. वहिनींचा सा सगळ्यांच्या वर. एकीलाही आपली जागा राखता येत नव्हती, आणि मी इतके महिने काय शिकवलं म्हणून माझा संताप संताप झाला. मग अक्काची कालवड आली, आता चांगली थोराड गाय झालेली. मागे अक्का, हातात काठी. मी कान देऊन ऐकलं. पंचमच, आणि मी मेणाने उतरवला होता तितकाच उतरलेला.

"अक्का, मेण काढलं नाहीत अजून!" मी रस्त्यापलीकडून ओरडले.

"ऱ्हायलंच बगा बाई," ती म्हणाली, आणि गाईला हाकत पुढे गेली.